टाकावे कोणी, ठेवावे कोणी?

परमार्थाच्या मासिकात बिऱ्हाड हलविण्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. विचारू द्या. संसारात राहून देव कसा साधावा यावर आम्ही मंडळी आजवर पुष्कळ बोललो आहोत. पण तोच संसार नोकरीपायी एका गावाहून उचलून सहाशे किलोमीटरवर नेऊन मांडावयाचा झाला, आणि त्यातले काय न्यावे व काय टाकावे असा प्रश्न कोणी केला, की आमच्या तोंडून चटकन एकच शब्द निघतो, वैराग्य. तो शब्द आम्ही गेल्या वैशाखात किती स्वस्तात वापरला आणि आमचा कान कसा धरला गेला, ते आज सांगतो.

आमचे थोरले बंधू जाऊन आठ वर्षे झाली. वहिनी सोलापुरास मुलाजवळ राहात. मुलगा केंद्र सरकारच्या एका कचेरीत लहानशा जागेवर आहे. त्याची नागपुरास बदली झाली. घर भाड्याचे, तिसऱ्या मजल्यावरचे, तेव्हा मागे काही ठेवण्याची सोय नाही. बदलीच्या नोकराने किती सामान न्यावे याचाही सरकारी नियम असतो. २०१७ सालच्या हुकुमात सहाव्या स्तरापासून वरच्या नोकरास ६००० किलो, पाचव्यास ३००० आणि चौथ्या व त्याखालच्यांस १५०० किलोपर्यंतच्या सामानाचे भाडे ठरविले आहे. ज्याचा पगार मोठा त्याचा संसार चौपट जड, असे गृहीत धरलेले दिसते. बहुधा ते खरेही असेल! आमचा पुतण्या १५०० किलोंतला. आकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण पलंग, लोखंडी कपाट, फ्रिज, शिलाईचे यंत्र, मुलांची पुस्तके आणि भांड्यांची पोती एकदा मांडून पाहावी.

त्याने आम्हांस पंढरपुराहून बोलावून घेतले. म्हणाला, "काका, हे जातं, हा पाटा-वरवंटा आणि ह्या जुन्या वाकळांचा गठ्ठा. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, जागा वाढली की पैसे वाढतील. आजीच्या वेळच्या वस्तू आहेत. टाकल्या तर काही दोष लागेल का?"

आम्ही खुर्चीत बसलो होतो, पोटात चहा गेला होता. मग काय विचारता! म्हणालो, "दोष कसला रे? दगड तो दगड. आसक्ती सुटत नाही म्हणून माणूस ओझी वाहतो. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, आणि आपण जात्यासाठी रडायचं?"

वहिनी आत डबे पुशीत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "भावजी, बोलू का? रागवू नका. तुकोबांनी कान्होबाची खतं बुडवली का हो?"

आम्ही गप्प झालो. चरित्रातली ती गोष्ट आम्ही कीर्तनात कितीदा तरी सांगितली असेल. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा वाटा भावाच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याचे कागद तेवढे डोहात सोडले. सांगताना आमचा सारा भर डोहावर असे. वाटणीचे वाक्य आम्ही घाईने उरकत असू. जात्यावर पंचेचाळीस वर्षे हात वहिनींचा होता. पुतण्याने ते कधी फिरविले नाही, आम्ही तर नाहीच. जे आमचे नाही ते टाकून द्यावयास आम्हांस काय कष्ट पडणार होते? आणि ज्या गोष्टीत आम्हांस काडीचा कष्ट नाही, तिला वैराग्य म्हणावे काय?

हा घोटाळा आमच्या एकट्याचा नाही. घर हलविताना घराघरांत तो होतो. कर्ता माणूस यादी करतो, आणि त्याच्या यादीत त्याची स्वतःची वस्तू सहसा 'अडगळ' ठरत नाही. क्रिकेटची बॅट, दहा वर्षे न उघडलेले परीक्षेचे ग्रंथ, बंद पडलेला रेडिओ, हे सगळे 'असू दे' मध्ये जाते. म्हातारीची ट्रंक, सुनेच्या माहेरचा हंडा, मुलीच्या बाहुल्या मात्र 'कशाला हवे' मध्ये. मग त्या निवडीला कोणी व्यवहार म्हणतो, कोणी, आमच्यासारखा, परमार्थ म्हणतो. ज्याची वस्तू त्याला मात्र कोणी विचारीत नाही.

शिवाय जात्याला नुसता दगड म्हणावे, आणि तेही पंढरपुरात राहणाऱ्याने! तिथून हाकेच्या अंतरावर गोपाळपुरास जनाबाईचे जाते म्हणून दाखवितात, आणि देव तिच्याबरोबर दळू लागला असे आपणच लोकांना सांगतो. तेही कोणी जागा अडते म्हणून टाकून दिले असते तर?

आणखी एक कबुली देऊन टाकतो. आषाढीच्या वाटेवर आम्ही गळ्यात टाळ घालून चालतो, आणि आपण किती सडे, किती मोकळे, असे मनात येते. पण दिंडीच्या मागे ट्रक असतो. त्यात तंबू, राहुट्या, पातेली, शिधा आणि आमची वळकटीसुद्धा असते. ती पहाटे कोणी तरी चढवितो व मुक्कामाला कोणी तरी उतरवितो. आमचा हलकेपणा त्याच्या खांद्यावर असतो.

आणि ज्यांच्यापाशी टाकण्याजोगे काही नाहीच त्यांचे काय? दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या जिल्ह्यातल्या व पुढे कोल्हापूर-कर्नाटकाकडच्या कारखान्यांवर जातात. ट्रॉलीत पिठाचे पोते, चार भांडी, कोयते, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर पोरे बसलेली. मुकादमाची उचल घेतलेली असते, तेव्हा जाणे भाग. पुष्कळांची म्हातारी माणसे मागे गावातच राहतात. त्या ट्रॉलीकडे बोट दाखवून 'पाहा, किती थोडक्यात संसार!' असे म्हणणारा प्रवचनकार आम्ही ऐकला आहे. त्याला ट्रॉलीत बसवावे असे तेव्हा वाटले होते. सोलापूरच्या त्या दुपारी मात्र त्याच्या शेजारी आपलीही जागा आहे असे दिसले. असो.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टचा माणूस यादी करावयास आला. विम्यासाठी प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहावी लागते. फ्रिजची लिहिली, कपाटाची लिहिली. जात्यापाशी येऊन त्याने वर पाहिले. पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही, या खेपेस, वहिनींकडे पाहिले.

वहिनींनी हात पुसले. यादीवाल्याबरोबर आलेल्या दोन पोरांना विचारले, "बाबांनो, हे तुम्हीच उतरवणार का?" पोरे हो म्हणाली. "आणि नागपुरात कितवा मजला रे?" पुतण्या म्हणाला, "चौथा. लिफ्ट आहे, पण सामान नेऊ देत नाहीत." वहिनी थोडा वेळ जात्याकडे पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन जिने उतरायचं, चार चढायचं. तिथं मी दळणार आहे होय? ह्यांच्या पाठी कशाला मोडायच्या? गल्लीत ती डाळी भरडून विकते, तिला द्या. माझ्या हातानं देते."

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी कायदा झाला, त्याच्यावर आम्ही व्याख्यानेही दिली होती. पण वस्तू ठेवावी की टाकावी हे ठरविताना ती कोणाच्या पाठीवरून जाईल असा विचार आमच्या डोक्यात शिरला नव्हता. आम्ही आसक्तीचे वजन करीत बसलो होतो. वहिनींनी दगडाचे केले.

आम्हांस वाटले, आता वाकळाही सुटल्या. तर त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "ह्या येणार. ह्यात सासूबाईंची लुगडी आहेत, आणि ह्यांची धोतरं. पैसे वाढले तर माझ्या पेन्शनीतनं घे." पुतण्या काही बोलू लागला, त्याला आम्ही खुणेने थांबविले. यादीवाल्याने लिहिले, 'जुने कपडे, गठ्ठा १', आणि किमतीच्या घरात रेघ ओढली. वहिनींनी ती वाचली व काही म्हटले नाही.

संध्याकाळी ती डाळवाली बाई आपल्या मुलाला घेऊन आली. वहिनींनी जात्याला हळदकुंकू वाहिले, खुंटा घट्ट बसतो की नाही ते पाहिले, आणि दोघांनी एकेक तळी धरून ते खाली नेले. वहिनी जिन्यापर्यंत गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "चहा टाकते," आणि मग लक्षात आले की चहाची भांडी खोक्यात गेली होती.

पंढरपुरास परतल्यावर आमच्या माळ्यावरचे या मासिकाचे जुने गठ्ठे दृष्टीस पडले. वाळवी लागलेले, दोरीने बांधलेले. धाकटा मुलगा पुण्यास जागा घेतो आहे, आम्हांस तिकडे चला म्हणतो. त्याने अजून त्या गठ्ठ्यांचे नाव काढलेले नाही. आम्हीही काढलेले नाही.