घोंगडीच्या खोळीतलं करडू

देवा ज्योतिबा, पन्हाळ्याच्या तटावर उभा राहून तुझ्या डोंगराकडं हात जोडतोय. आषाढाचं धुकं मधे दाटलंय, तुझं शिखर दिसत नाही. पण तू कुठं आहेस ते ठाऊक आहे, म्हणून बोलतो. उद्या पहाटे धनगरवाड्यांवरच्या पोरापोरींना घेऊन मसाई पठारावरून पावनखिंडीच्या वाटेला लागायचंय. आपल्या वाड्याचं पुढारपण कसं करावं, हे शिकायला ही लेकरं आली आहेत. त्यांना तुझ्या हवाली करतो.

त्यांना शिकवायचं ते त्यांच्याच घरात आहे, देवा. मागच्या पावसाळ्यात पठारावर एका म्हाताऱ्या बाबांना पाहिलं. पाऊस आडवा झोडपत होता. पुढची शेरडं वाड्यात शिरलीसुद्धा, आणि बाबा कातळावर थांबून एकेक मोजत होते. एक कमी भरलं. ते तसेच माघारी फिरले. परत आले तेव्हा घोंगडीच्या खोळीतून भिजलेल्या करडाचं तोंड डोकावत होतं. ते आईपाशी सोडलं आणि मगच बाबा चुलीपाशी टेकले. ही मोजणी या पोरांच्या अंगात मुरू दे. पुढं किती गेले यापेक्षा मागं कोण राहिलं, हे त्यांना आधी कळू दे.

चैत्रात तुझ्या यात्रेला सासनकाठ्या नाचतात. काठी पेलणारा एकटाच सगळ्यांच्या नजरेत भरतो, पण तिचा तोल चहूबाजूंनी ताणलेल्या दोऱ्या सांभाळतात. ज्याच्या खांद्यावर काठी येईल, त्याला त्या दोऱ्यांची आठवण राहू दे.

या गडाखालच्या नेबापूरचा शिवा काशीद 1660 च्या आषाढात शिवाजीराजांचा वेष घेऊन पालखीत बसला. परत येणं नाही, हे जाणून बसला. बाजीप्रभू आणि बांदल मावळे खिंडीत उभे राहिले, ते राजे विशाळगडावर पोचावेत म्हणून. उद्या त्याच वाटेवर पोरं घोषणा देतील. त्यांचा घसा बसू दे, पण अर्थ मनात राहू दे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या गोंड माणसांनाही तूच बळ दिलंस. त्यांनी अभ्यासगटात बसून कायदा समजून घेतला, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहिले, आणि 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मिळवला. तेवढा धीर आमच्या पोरांना दे. 2006 च्या वनहक्क कायद्याचा कागद त्यांना वाचता येऊ दे, आणि कुठला झरा उन्हाळ्यात आटत नाही, कुठला पाला जनावराच्या पोटफुगीवर चालतो, हे आजीला विचारायची लाजही वाटू देऊ नको. डोक्यावर दुधाची किटली घेऊन घसरडी वाट उतरणाऱ्या आयांचा शब्द बैठकीत आधी ऐकला जाऊ दे. पोरी मागच्या रांगेत बसल्या, तर त्यांना पुढं बोलवायची बुद्धी दे.

2025 साली हा गड जागतिक वारसा झाला. तटाचे दगड आता जपले जातील. तटापलीकडच्या वाड्यांवरची जाण मात्र माणसांच्याच अंगात असते, माणूस गेला की जाते. ती जायच्या आत या पोरांच्या हाती येऊ दे.

कुणी शिकून शहरात गेलं, तर त्याला मोठं कर, पण घोंगडीच्या वासाची ओढ ठेव. कुणी इथंच राहिलं, तर त्याला कमी लेखू देऊ नको.

आणि माझ्यासाठी एवढंच मागणं. पोरांपुढं बोलताना मला मीपणा चढू देऊ नको. उद्या पाय चिखलात रुततील, कुणी दमेल, कुणी मागं राहील. मुक्कामाला पोचल्यावर शेवटचं पोर आत येईपर्यंत माझ्या हातात भाकरी येऊ देऊ नको. धुक्यात उभं राहून मला मोजू दे.

ज्योतिबाच्या नावानं चांगभलं.