तबकडी बदलल्यावर

वडिलांचे मनगटी घड्याळ मुलाकडे येते, तेव्हा यंत्र पुष्कळदा शाबूत असते. काळवंडलेली असते ती तबकडी. नवी तबकडी बसविल्यावर ते घड्याळ वडिलांचेच राहते काय?

बंगळुरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी.ने १९६१ साली येथे घड्याळांचा कारखाना काढला आणि तिची ‘जनता’ घरोघर पोहोचली. २०१६ मध्ये ती घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. आज बाजारात दिसणाऱ्या त्या जुन्या घड्याळांपैकी अनेकांच्या तबकड्या नव्याने छापलेल्या असतात.

तबकडीची निवड ही रुचीची बाब वाटते. पण मर्यादा यंत्रच घालते. पाठीवरचे दोन बारीक पाय यंत्रातील छिद्रांत बसले पाहिजेत, व्यास जुळला पाहिजे, तारखेची खिडकी नेमक्या जागी आली पाहिजे. हे न जमल्यास पाय कापून तबकडी चिकटविली जाते. वरून सारे ठीक दिसते.

चाक, आस की जू, यांपैकी रथ कोणता, असे नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते. एकही नव्हे, रथ हे त्या जुळणीचे नाव. या न्यायाने नव्या तबकडीने घड्याळ परके होत नाही. मात्र नवी छपाई जुनी म्हणून विकणे हे असत्यच. म्हणून काढलेली तबकडी कागदात गुंडाळून जपावी. तीच बदलाची साक्ष.

बदलीच्या गावी आपणही वेष, बोली, शेजार बदलतो. त्याची लाज नसावी. नवी तबकडी आतल्या यंत्राशी जुळावी, आणि कोणी विचारलेच, तर ती नवी आहे हे सांगताना जीभ अडखळू नये.