ज्यांचे रक्त लाल नाही



पावसाळा लागला की आपल्याकडे धानाच्या बांध्यांवर खेकडे धरायला पोरांची झुंबड उडते. माझे बालपण आरमोरीकडच्या एका खेड्यात गेले. आजी चुलीपुढे बसून जिवंत खेकड्याच्या नांग्या एकेक करून मोडायची. खेकडा उरलेले पाय हलवत राहायचा. एकदा मी विचारले, "आजी, त्याला दुखत नाही का?" आजी हसली. "त्याले कायचं दुखते रे बाबू! रगत तरी निघते का त्याच्यातून? वरडते तरी का तो?"

आजी निर्दय नव्हती. घरची बकरी विकली त्या रात्री ती जेवली नव्हती. तिचा हिशेब साधा होता: ज्याचे रक्त लाल आणि ज्याला आवाज, त्याला वेदना. आपणही बहुधा याच हिशेबाने चालतो. उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य आणि मासा चालतो, म्हणजे माशाला काही कळत नसावे, अशी आपली समजूत होते. खरे तर तो नियम प्रायश्चित्ताचा आहे. कोणाला दुखते आणि कोणाला नाही, हे सांगण्यासाठी तो नाही.

आजीचा हिशेब चुकीचा ठरवणारा एक प्राणी आपल्यापासून फार दूर राहतो. आपल्या वैनगंगेचे आणि वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि शेवटी समुद्राला मिळते. उष्ण समुद्रांत प्रवाळांचे खडक असतात. त्यांच्या कपारींत आठ हातांचा ऑक्टोपस राहतो. लक्षद्वीपच्या बेटांवर ओहोटीच्या वेळी लोक त्याला खडकातून बाहेर काढतात आणि खातात. कोकणात ज्याला माकुल म्हणतात, तो त्याचाच भाईबंद. दुसरा भाईबंद कटलफिश. त्याच्या पाठीतले पांढरे हाड आपण पाहिले असेल. काष्ठौषधीच्या दुकानात ते समुद्रफेस म्हणून मिळते.

ऑक्टोपसला हाडे नाहीत आणि आवाजही नाही. त्याला हृदये तीन आहेत. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, म्हणून ते निळे दिसते. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या बहुतांश हातांत आहेत. मादी अंडी घातल्यावर त्यांची राखण करते. त्या काळात ती जवळजवळ काही खात नाही आणि पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास मरून जाते.

अशा प्राण्याला वेदना होते का? २०२१ साली रॉबिन क्रूक या संशोधिकेने प्रवाळात राहणाऱ्या एका लहान ऑक्टोपसवर प्रयोग केला. त्याच्या हातात थोडे आम्ल टोचले. ज्या कप्प्यात त्याला हे सोसावे लागले होते, तो कप्पा त्याने पुढे टाळला. टोचलेली जागा तो चोचीने कुरतडत राहिला. जिथे बधिर करणाऱ्या औषधाने आराम मिळाला, तो कप्पा मात्र त्याने पसंत केला. त्याच वर्षी कटलफिशवर दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. अधिक आवडते खाद्य मिळावे म्हणून समोरचे खाद्य सोडून ते दोन मिनिटांपर्यंत थांबू शकतात, असे त्यात दिसले. उपवास करणाऱ्या आपल्याला ही गोष्ट विचारात पाडणारी आहे.

याच सुमारास लंडनमधील तज्ज्ञांनी ३०० हून अधिक शास्त्रीय अभ्यास तपासले. त्यांच्या अहवालानंतर ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपस, माकुल आणि कटलफिश यांना संवेदना असलेले प्राणी मानले. त्याच यादीत आणखी एक नाव आले, खेकड्याचे. खेकड्याच्या रक्तातही तांबेच असते. आजी नांगी मोडायची तेव्हा जे पाणी गळायचे, ते रक्तच होते. ते लाल नव्हते म्हणून आम्हांला ओळखता आले नाही, इतकेच.

कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या मनात काय चालते हे कोणाला कळले आहे? खेकड्याला आपल्यासारखेच दुखते, असे खात्रीने कोण सांगणार? शंका रास्त आहे. पण जंगलात झुडूप हलले म्हणून शहाणा माणूस लगेच गोळी झाडत नाही. आत जनावर असेल, किंवा मोह वेचायला आलेली एखादी बाईही असेल. शंका असते तेव्हा हात थांबवणे, हीच नीती. जीव दुखावत असल्याची शंका असेल, तर तिचा फायदा त्या जिवाला मिळायला हवा.

याचा अर्थ खेकडा आणि माणूस सारखे, असा नाही. ज्या घरात दुसरे कालवण नाही, तिथल्या आईने खेकडे रांधले तर ते पाप नव्हे. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्याची मुभा ख्रिस्तसभेची शिकवण देते. मात्र विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, असेही ती सांगते. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' या शब्दात माणसाखेरीज प्रत्येक जिवंत जीव येतो. त्यात लाल रक्ताची अट नाही.

मग प्रश्न उरतो तो आपल्या दयेचा. जो आपल्यासारखा दिसतो, आपल्यासारखा रडतो, त्याची दया आपल्याला सहज येते. त्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. जो आपल्याला समजेल अशा रीतीने रडत नाही, त्याच्यासाठी थोडे थांबावे लागते आणि बघावे लागते. ही सवय खेकड्यापाशी लागली, तर घरातल्या अबोल म्हाताऱ्या माणसाकडेही आपले लक्ष जाईल.

आजी आता नाही. आमच्या घरी अजूनही पावसाळ्यात खेकडे येतात. आम्ही जिवंत खेकड्याच्या नांग्या मोडत नाही आणि त्याला जिवंतपणी उकळत्या पाण्यात टाकत नाही. आधी धारदार सुरीने त्याला झटकन मारतो, मग साफ करतो. काम थोडे वाढते. या पावसाळ्यात तुमच्याही घरी खेकडे आले आणि एखाद्या लेकराने तो जुना प्रश्न विचारला, तर हसून टाळू नका. "हो बाबू, दुखत असावे," एवढे तरी खरे उत्तर त्याला द्या.