अर्ध्या कोयत्याचा प्रवास

दसरा उरकला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून ऊसतोडीची बिऱ्हाडं हलू लागतात. ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडी, कोपीचं सामान, एखादी शेळी आणि त्या पसाऱ्यावर तान्हं पोर मांडीवर घेऊन बसलेली बाई. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी जिल्ह्यातल्याच प्रवरेच्या पट्ट्यात. तिथे १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं, १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना लोणीला उभा राहिला. ते पाणी पाथर्डीला कधी पोचलं नाही. एकाच जिल्ह्यात ऊस पिकवणारेही आहेत आणि तो तोडायला घर सोडणारेही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतली कुटुंबंही अशीच छपराच्या बैलगाड्यांतून मिसूरी नदीपासून पश्चिमेला ऑरेगनकडे निघाली. वाट तीनेक हजार किलोमीटरची, चार-सहा महिन्यांची. बायका वाटेतच बाळंत झाल्या, गव्यांचं वाळलं शेण वेचून त्यांनी चुली पेटवल्या. अनेकींनी रोजनिशा लिहिल्या, म्हणून त्यांचे हाल जगाला कळले. १८५०च्या कायद्याने तर तिथे आधी पोचलेल्या जोडप्याला ६४० एकर जमीन दिली आणि त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावावर केली. ती जमीन मूळ रहिवाशांची होती, हा अन्याय झाकता येत नाही. तरी सरकारी कागदावर त्या बाईचं नाव लागलं.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो नवरा; मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. ती मात्र अंधारात उठून भाकरी थापते, फडात पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. त्या फळीवर पाय ठेवताना ती पोटुशी आहे की तिची पाळी चालू आहे, हे कुणी विचारत नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात, तेही दोघांचे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आजारी पडायला सवड नाही आणि बरं व्हायलाही नाही, अशा कामात बाईला हाच सुटकेचा मार्ग दाखवला जातो.

मुलांसाठी साखरशाळा हव्यात, फडावर दवाखाना हवा, न्हाणीघर हवं, हे खरंच. पण माझ्या मते सगळ्यात आधी कोयत्याचे दोन भाग व्हायला हवेत: तिचा हिशोब वेगळा, मजुरी तिच्या खात्यात, बाळंतपणाचे दिवस खाड्यात न धरलेले. हे ठरवायची वेळ उचल वाटतानाची, म्हणजे हंगामाच्या कितीतरी आधीची. एकदा ट्रॉली गावाबाहेर पडली की तिच्या डोक्यावर कर्ज असतं, आणि कर्ज फिटेपर्यंत घासाघीस करायची ताकद तिच्याकडे उरत नाही.