मुलांसमोर पंचशील

वैशाखी पौर्णिमेचा उत्सव महाराष्ट्राबाहेर करावयाचा म्हणजे तो मुख्यतः घरातच करावा लागतो. नागपुरात किंवा मुंबईत वस्तीच्या वस्ती शुभ्र वस्त्रे लेऊन विहाराकडे निघते. मुले गर्दीबरोबर चालता चालता शिकतात. बंगळुरात गांधीनगर भागातील महाबोधी सोसायटीच्या विहारात सकाळी जाऊन यावे, सायंकाळी तसबिरीपुढे मेणबत्त्या लावाव्यात, मुलांकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घ्यावे आणि सुजातेची गोष्ट सांगत खीर वाटावी, एवढाच आमचा सोहळा. आचार्य बुद्धरक्खितांची ही संस्था १९५६ सालची, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षातली, हे मुलांना सांगताना आम्हांला दरवर्षी थोडा धीर येतो.

यंदा खिरीची वाटी शेजारी दिली. "आज काय विशेष?" असे त्या गृहस्थांनी सहज विचारले. "पौर्णिमा आहे," आम्ही म्हणालो. वाक्य खरे होते. परंतु पुढचा प्रश्न येऊ नये, एवढ्याचसाठी ते योजलेले होते. परप्रांती भाड्याचे घर शोधताना, नव्या कचेरीत रुजू होताना ही युक्ती अंगवळणी कधी पडली, हे आमचे आम्हांलाही सांगता येणार नाही. घरात येताच आठ वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, बुद्धपौर्णिमा का नाही म्हणालात?" दहाच मिनिटांपूर्वी तिने असत्य न बोलण्याचे शील आमच्या मागोमाग म्हटले होते.

मज्झिमनिकायात राहुलाची कथा आहे. पाय धुतल्यावर बुद्धांनी भांड्यात थोडेसे पाणी ठेवले आणि पुत्राला विचारले, हे दिसते का? जाणूनबुजून असत्य बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याच्यापाशी श्रमणत्व एवढेच उरते. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, आणि थट्टेतही खोटे न बोलण्यास सांगितले. असत्याविषयीचा हा राहुलोपदेश भिक्षूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावा, असे सम्राट अशोकाने राजस्थानातील भाब्रू शिलालेखात कोरून ठेवले आहे. लहान मुलाला केलेला उपदेश त्याने मोठ्या माणसांना नेमून दिला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांसह लक्षावधी माणसांनी जो धम्म घेतला, तो विचारपूर्वक निवडून घेतला. आमच्या मुलांना मात्र तो जन्मानेच मिळतो. जन्माने माणसाचे स्थान ठरावे, हेच तर आम्ही नाकारले होते. मग न कळणारी पाली वाक्ये मुलांच्या तोंडी घालण्याचा आम्हांला काय अधिकार?

आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर आम्हांला पाली शब्दातच सापडते. शीलांना 'शिक्षापद' म्हटले आहे. ती वरून आलेली आज्ञा नव्हे. अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचे शिक्षण मी स्वीकारतो, एवढाच तिचा आशय. वारशाने बापाला मुलावर अधिकार मिळतो. शिक्षापदाने मुलालाही बापाला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो. जो बाप मुलाच्या हाती हे माप देतो, त्याने आधी स्वतः मोजले जाण्याची तयारी ठेवावी. ती नसेल, तर पंचशील हे निव्वळ पाठांतर होय.

तथापि भीतीपोटी गप्प राहणाऱ्यांस दोष देणे आम्हांला मान्य नाही. नाव सांगितल्याने ज्याचे छप्पर जाते, त्याच्यापेक्षा ते काढून घेणाऱ्याचा अपराध मोठा आहे. आमचे छप्पर मात्र त्या सायंकाळी धोक्यात नव्हते. जुनी सवय तेवढी बोलली.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली तेव्हा आम्ही म्हणालो, "काल बुद्धपौर्णिमा होती. आम्ही बौद्ध आहोत." त्यावर शेजारी काय म्हणाले, हा या लेखाचा विषय नव्हे. मुलगी दाराशी उभी होती, आणि उत्तर तिलाच द्यावयाचे होते.