दैत्याचे नाव, गावाचे नाव

१

केनवड हे वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्याचे, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेकडचे गाव. तेथून पश्चिमेकडे जाणाऱ्याला मेहकर आणि लोणार ही दोन जुनी ठिकाणे जवळची. स्थलपुराण दोन्ही नावांचा उगम दैत्यांत सांगते. मेहकर हे मेघंकराचे गाव. त्याला शार्ङ्गधर विष्णूने मारले. लोणार हे लवणासुराचे. त्याला दैत्यसूदन विष्णूने मारले. वधकर्ता देव दोन्हीकडे एकच आहे, मंदिरही त्याचेच आहे; परंतु गाव मात्र मारल्या गेलेल्याच्या नावाने ओळखले जाते. केनवडचा माणूस बाजारासाठी वा यात्रेसाठी या गावांची नावे घेतो, तेव्हा तो नकळत दोन वध झालेल्यांचा उच्चार करीत असतो.

या व्यवस्थेत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याचा वध धर्म्य ठरविला, त्याचे नाव भूमीला का द्यावे? वध पूर्णतः न्याय्य असेल तर स्मरणाची गरज नाही. स्मरणाची गरज असेल तर वधाच्या न्याय्यतेत काहीतरी अपुरे राहिले असले पाहिजे. देव-दैत्यांच्या कथांकडे सुष्ट-दुष्टांच्या झगड्याची रूपके म्हणून पाहण्याची सवय या प्रश्नाला बगल देते.

येथे एक आक्षेप आधीच विचारात घेणे आवश्यक आहे. लोणार हे नाव असुरावरून आलेले नसून खाऱ्या पाण्यावरून, म्हणजे ‘लवण’ या शब्दावरून आले असावे आणि नावाच्या स्पष्टीकरणासाठी असुर पुढे कल्पिला गेला असावा, असे भाषाभ्यासक म्हणेल. हा क्रम अधिक संभाव्य आहे, हे मान्य करावे. पण त्याने प्रश्न मिटत नाही, तो अधिक टोकदार होतो. खारे पाणी समजावून घेण्यासाठी लोककल्पनेला एखाद्या देवाचा वर पुरला असता, ऋषीचा शाप पुरला असता. तिने निवडला तो वध. सरोवराचे पाणी हे असुराचे रक्त आणि त्यातील क्षार हे त्याचे विरघळलेले मांस, असे ती सांगते. कथा ऐतिहासिक नसली तरी तिच्यातील निवड ही समाजाच्या नैतिक कल्पनाशक्तीची निवड आहे आणि समीक्षेचा विषय ती निवडच आहे.

२

भारतीय साहित्यविचारात या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत धीट उच्चार ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्याच अध्यायात सापडतो. पहिल्या नाट्यप्रयोगाचा विषय होता देवांनी केलेला दैत्यांचा पराभव. प्रेक्षकांत दैत्यही होते. त्यांनी विघ्नांना हाताशी धरून प्रयोग बंद पाडला. नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठली. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले. तरीही भीती संपली नाही, तेव्हा ब्रह्मदेवाला दैत्यांशी बोलावे लागले. त्यांची तक्रार स्पष्ट होती: हा नवा वेद आमच्या अपमानासाठी रचला गेला आहे, देवांना निर्मिणाऱ्यानेच आम्हालाही निर्मिले असताना हा पक्षपात कशासाठी? ब्रह्मदेवाचे उत्तर असे की, नाट्य हे कोणा एका पक्षाचे नाही. देव आणि दैत्य दोघांचेही शुभाशुभ त्यात आहे. ते त्रैलोक्यातील भावांचे अनुकीर्तन आहे.

या प्रसंगाकडे सामान्यतः रंगपूजेची उपपत्ती म्हणून पाहिले जाते. वस्तुतः येथे साहित्यातील प्रतिमांकनाविषयीची पहिली हरकत नोंदविली गेली आहे आणि ती नोंदविणारे दैत्य आहेत. शास्त्रकाराने ती हरकत खोडून काढलेली नाही. तिला उत्तर देणे त्याला आवश्यक वाटले आहे. दंडाने प्रयोग सुरू राहू शकला असता, पण त्याला प्रामाण्य मिळाले नसते. मात्र त्याच ग्रंथात पुढे रौद्र रसाची चर्चा करताना हा रस राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्य यांच्या प्रकृतीशी जोडलेला आहे. म्हणजे पहिल्या अध्यायात दैत्याला श्रोत्याचा हक्क मिळतो आणि रसचर्चेत तो पुन्हा एका स्वभावात कोंडला जातो. ‘दैत्य हा कोणीतरी आहे’ आणि ‘दैत्य हा एक प्रकार आहे’ या दोन भूमिकांतील हा ताण पुढच्या सर्व कथापरंपरेने वारशात घेतलेला दिसतो.

विदर्भाच्या संदर्भात या ताणाला आणखी एक बाजू आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशिमला, घडविला आहे. वाकाटकांची एक शाखा येथे नांदत होती. दुसऱ्या शाखेच्या प्रवरसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ रचले. या काव्याचे दुसरे नाव ‘रावणवहो’, म्हणजे रावणवध. काव्याच्या नावातही वध करणारा नाही, वध झालेला आहे. दुसऱ्या टोकाला पैठणच्या सातवाहन दरबारातील गुणाढ्य उभा आहे. पैजेपायी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून त्याने पिशाचांची भाषा स्वीकारली. राजाने ती बृहत्कथा नाकारली, तेव्हा त्याने रानात एकेक पान वाचून अग्नीत टाकले आणि पशू चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. सात लक्षांतील एकच लक्ष ग्रंथ उरला. सभ्यतेच्या केंद्राने जे ऐकले नाही ते पशूंनी ऐकले, एवढेच ही कथा सांगत नाही. राक्षसी ठरविलेल्या भाषेतही रसिकतेची कसोटी असू शकते, असे ती सुचविते.

३

महाराष्ट्रातील क्षेत्रकथांत दैत्याला केवळ नाव मिळत नाही, बरेचदा अखेरचा शब्दही मिळतो. कोल्हापूरच्या प्रचलित कथेत मरणोन्मुख कोल्हासुर देवीकडे क्षेत्राला आपले नाव मागतो. नवरात्रात ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या यात्रेत कोहळा फोडला जातो, तोही याच कथाचक्राशी जोडलेला आहे. म्हणजे वध दरवर्षी पुन्हा घडतो, परंतु प्रतीकरूपाने. जेजुरीच्या खंडोबाची कथा अधिक सूक्ष्म आहे. मणी शरण येतो, आपला घोडा देवाला अर्पण करतो आणि देवाजवळ स्थान मागतो. त्याला ते मिळते. मल्लाची मागणी विध्वंसाची आहे. त्याचे शिर पायरीशी येते आणि भक्तांच्या पायांखाली जाते. दोघे भाऊ, दोघांचा अपराध एक, तरीही निवाडा वेगळा. येथे कथा ‘दैत्य’ या जातीचा निवाडा करीत नाही. ती एकेकाच्या अखेरच्या इच्छेचा निवाडा करते.

म्हसोबाच्या बाबतीत तर पूजा आणि वध शेजारी नांदतात. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, शेताच्या बांधावर शेंदूर लावून पुजला जाणारा म्हसोबा आणि देवीच्या पायाखालचा महिषासुर हे एकमेकांना ओळखतात. काही ठिकाणी तर तो देवीचा पती आहे. एका पंथाच्या विजयकथेतील राक्षस हा दुसऱ्या समूहाचा रक्षक देव असतो. त्याआधी महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथांचे वाचन उलटे केले होते. त्यांच्या मांडणीत बळी हा न्यायी राजा आहे, खंडोबा आणि म्हसोबा हे त्याच्या राज्याचे अधिकारी आहेत आणि राक्षसाचे भयंकर रूप ही जेत्याने लिहिलेली नोंद आहे.

४

या वाचनाचे मोल निर्विवाद आहे. ‘राक्षस’ हे वर्णन नसून आरोप असू शकतो, याची जाणीव त्याने दिली. पश्चिमेतही हा प्रश्न वेगळ्या वाटेने आलेला आहे. ऑगस्टिनने ‘द सिटी ऑफ गॉड’मध्ये एकाक्ष, श्वानमुखी अशा विचित्र वंशांचा विचार करताना कसोटी अशी ठेवली की, जो विवेकशील आणि मर्त्य आहे तो, त्याचे शरीर कसेही असो, आदमचाच वंशज. भीषणाची व्याख्या ही अखेरीस मनुष्याची व्याख्या ठरते.

तथापि ऐतिहासिक वाचनाची एक मर्यादा आहे आणि ती नैतिक स्वरूपाची आहे. प्रत्येक दैत्याच्या जागी एक पराभूत समूह ठेवला की, दुष्टतेचा प्रश्नच नाहीसा होतो. मल्लाची अखेरची मागणी तेव्हा केवळ बदनामी ठरते. पण कथा सांगणाऱ्या गावांना खरोखरच भयाचा अनुभव होता: रोगराई, दुष्काळ, लुटारू, रानातील श्वापद आणि सत्तेचा जुलूम. या भयाला रूप देण्यासाठीही राक्षस लागतो. सर्व राक्षस निर्दोष ठरविणे हे त्यांच्या हातून सोसलेल्यांना पुन्हा एकदा गप्प बसविणे होय. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. अमुक एकाने राक्षसी कृत्य केले काय, हा पहिला. अमुक एक राक्षसच आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला पुरावा लागतो आणि त्याचे उत्तर ‘होय’ असू शकते. दुसऱ्याला ‘होय’ म्हटले की पुराव्याची गरजच उरत नाही. तेथूनच समूहांची हत्या सोपी होते. मणी आणि मल्ल यांना वेगळे करणारी कथा पहिल्या प्रश्नाशी प्रामाणिक राहते. रौद्राला राक्षसांची प्रकृती मानणारे शास्त्र दुसऱ्याकडे झुकते.

याच परिसरात एक तिसरी वाट तेराव्या शतकात काढली गेली. ‘लीळाचरित्रा’तील चक्रधर मेहकर आणि लोणार या दोन्ही ठिकाणी वावरले. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ आहेत आणि देवता ही नित्यबद्ध आहे. या दृष्टीने दैत्यसूदनाचा विजय हा अंतिम सत्याचा विजय उरत नाही. मारणारा आणि मारला जाणारा दोघेही बंधाच्या कक्षेत राहतात. शिकारीपासून पळून आलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रय घेतो आणि ते त्याला परत देत नाहीत, ही लीळा याच विचाराची आचारातील बाजू आहे. तेथे पराक्रमाची खूण वधात नाही, शरण आलेल्याला न देण्यात आहे.

५

लवणासुराला मात्र अखेरचा शब्द मिळालेला नाही. तो काही मागत नाही, पश्चात्ताप करीत नाही. देव पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवराचे झाकण उडवितो, ते दूर जाऊन टेकडी होते आणि असुर मारला जातो. वराऐवजी त्याचे शरीरच भूमीवर उरते. आधुनिक विज्ञानाने या विवराचे स्पष्टीकरण दिले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा बेसाल्ट खडकावर झालेल्या अशनिपाताने तयार झाला. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई, पुढील मापनांनी ते ५ लाख वर्षांच्याही मागे नेले. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे संशोधकांनी सांगितले. कथेने ज्याला रक्त म्हटले होते, ते प्रयोगशाळेत रंगद्रव्य ठरले.

स्पष्टीकरण म्हणून असुर तेथे संपतो आणि तसे होणे योग्यच आहे. परंतु तो निव्वळ स्पष्टीकरण म्हणून कधीच नव्हता. खारट पाण्यात एका वधाचे अवशेष पाहणाऱ्या कल्पनेने विजयाच्या जागी मंदिर बांधले आणि पराभवाच्या जागी नाव ठेवले. यात न्यायाची संपूर्णता नाही. मारल्या गेलेल्याची बाजू कोणी विचारली नाही, हे नाव त्या न विचारलेल्या प्रश्नाची जागा मोकळी ठेवते, एवढेच. ‘नाट्यशास्त्रा’तील दैत्यांनी प्रयोग थांबवून जे विचारले, ते लवणासुराला विचारता आले नाही. ते त्याच्या वतीने विचारणे हे वाचनाचे काम आहे. त्यासाठी त्याला निर्दोष मानण्याची आवश्यकता नाही. त्याला केवळ दैत्य मानून थांबू नये, इतके पुरेसे आहे.