धाब्याचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, २ राजे १२:६-१२

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा, एरवी तेथून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे नियमशास्त्र बजावते.

तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचे दुपारचे अन्न शिजत असता आग लागली. शाकारलेले छप्पर पेटले आणि ९४ बालके दगावली. अन्न देण्याचे पुण्यकर्म चालू होते. कठडा मात्र नव्हता.

याच राज्यात कामराज मुख्यमंत्री असताना ग्रामस्थांनी लोकवर्गणीतून गावोगावच्या शाळा सुधारल्या होत्या. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरचे मूठभर धान्य गोळा करून गरीब विद्यार्थ्यांना शिकविले. देणारे हात आपल्याकडे आहेतच.

परंतु योआश राजाचा काळ आठवा. त्याच्या २३ व्या वर्षापर्यंत याजक पैसे घेत राहिले, तरी मंदिराची मोडतोड तशीच होती. मग यहोयादाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली. जमलेले पैसे मोजले गेले आणि देखरेख करणाऱ्यांमार्फत सुतार-गवंड्यांच्या हाती पडले.

शाळा सांभाळणे हे शासनाचे कर्तव्य खरेच. पण लेकरे आपली आहेत. आपल्या गावच्या शाळेचे छप्पर, जिना, दारे या आठवड्यात स्वतः पाहून या. मग वर्गणी द्या आणि तिचा हिशेबही मागा. शोकानंतर जमविलेल्या पैशांतून स्मारक उभे राहते. कठडा त्याआधीच बांधावा लागतो.

प्रभू आपणांस जागे ठेवो. आमेन.